एफ/१.२ की एफ/१.८? काळोखाची नोंद घेणाऱ्या लेन्सचा इतिहास

१/ मिररलेस कॅमेरा हाती आला की काही महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो. ५० मिलिमीटरच्या दोन वेगवान प्राइम लेन्सपैकी कोणती घ्यावी: एफ/१.८ ची हलकी आणि स्वस्त, की एफ/१.२ ची जड आणि महाग? प्रश्न दुकानाच्या काउंटरवरचा वाटतो, परंतु त्याचे वय १८० वर्षांहून अधिक आहे. व्हिएन्नातील एका गणितज्ञाला, अजिंठ्यातील एका लष्करी अधिकाऱ्याला आणि जर्मनीतील दोन कारखान्यांना तो वेगवेगळ्या रूपांत पडला होता. हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा, आणि गोदाकाठच्या अंधाऱ्या गाभाऱ्यांपुरत्या त्याच्या उत्तराचा.

२/ आरंभ परभणी जिल्ह्यातून करू. गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पालम हे तालुक्याचे गाव आहे. गोदावरीच्या पात्रातील जांभूळबेट याच तालुक्यात येते. शेजारच्या गंगाखेड तालुक्यात धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची मंदिरे, सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव. यांशिवाय गावोगावी वीरगळ, सतीशिळा आणि नाव नसलेली लहान देवळे आहेत. त्यांतील कित्येकांची छायाचित्रांतून नीट नोंद अजून व्हायची आहे. ती करू पाहणाऱ्या तरुण अभ्यासकाला पहिला अडथळा येतो तो उजेडाचा.

३/ दोन संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. जिची फोकल लेंथ बदलत नाही ती प्राइम लेन्स. फोकल लेंथला अॅपर्चरच्या व्यासाने भागले की एफ-क्रमांक मिळतो. म्हणून क्रमांक जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश अधिक. प्रकाश अधिक आला की शटर कमी वेळ उघडे ठेवले तरी भागते. यावरूनच अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणतात. प्रकाशाचे प्रमाण क्रमांकाच्या वर्गावर ठरते. त्यामुळे एफ/१.२ मधून एफ/१.८ च्या तुलनेत सव्वादोन पट प्रकाश येतो, दीड पट नव्हे.

४/ आता मागे, १८३९ मध्ये. पॅरिसमध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याला शार्ल शव्हालिए या चष्मे-दुर्बिणी बनवणाऱ्या कारागिराची लेन्स होती. चित्र कडेपर्यंत स्वच्छ यावे यासाठी ती एफ/१६ च्या आसपास आकुंचित ठेवावी लागे. परिणामी भर उन्हातही एका चित्राला अनेक मिनिटे लागत. इमारती तितका वेळ थांबत. माणसे थांबत नसत. नव्या कलेला व्यक्तिचित्र हवे होते आणि त्यासाठी प्रकाश कमी पडत होता.

५/ व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्झ्वाल यांनी हा प्रश्न कागदावर सोडवला. भिंगे घासून, पाहून, पुन्हा घासून सुधारण्याची जुनी रीत त्यांनी बाजूला ठेवली आणि प्रकाशकिरणांचे मार्ग आकडेमोडीने काढले. या कामी त्यांना ऑस्ट्रियन तोफखान्यातील गणित जाणणारे सैनिक मदतीला मिळाले. १८४० मध्ये सिद्ध झालेली ही लेन्स सुमारे एफ/३.६ ची होती. शव्हालिएच्या लेन्सपेक्षा तिच्यातून जवळपास २० पट प्रकाश येई. हा २० चा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटेल.

६/ या २० पटींची किंमत होती. पेत्झ्वालच्या लेन्समध्ये मध्यभाग अत्यंत रेखीव येई. कडा मात्र पुसट होत आणि पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी वळलेली दिसे. व्यक्तिचित्रात चेहरा मध्यभागी असतो, त्यामुळे तेथे हा दोष खपून गेला. देवळाच्या भिंतीच्या चित्रात तो खपला नसता. पेत्झ्वाल यांना याची जाणीव होती. त्यांनी त्याच काळात निसर्गदृश्यांसाठी कमी वेगाची, पण मोठे क्षेत्र सपाट दाखवणारी दुसरी लेन्सही आखली होती. म्हणजे आकडेमोडीने लेन्स घडवण्याच्या पहिल्याच प्रयत्नात एकाऐवजी दोन लेन्स जन्मल्या.

७/ व्यक्तिचित्राची लेन्स फोग्टलेंडर या कारखानदाराने बनवली आणि ती अफाट खपली. पैशांवरून व हक्कांवरून दोघांचे बिनसले. दुसरी लेन्स बाजारात यायला १८५० चे दशक सरत आले. तोवर जगभरच्या स्टुडिओंनी वेगवान लेन्स स्वीकारली होती आणि वास्तूंची छायाचित्रे काढणाऱ्यांनी मंद, पण सरळ रेषा सांभाळणाऱ्या लेन्स. ही वाटणी आवडीनिवडीतून झाली नव्हती. समोरची वस्तू हलते का, यावर ती ठरली होती.

८/ मुंबईत ही कला लवकर रुजली. १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे आलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवला.

९/ मुंबईच्या स्टुडिओत छतातून भरपूर उजेड घेता येई. डोंगर खोदून केलेल्या लेण्यांत तशी सोय नव्हती. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता; पालमचा परिसरही त्याच राज्यात. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी नेमले. वर्षानुवर्षे तेथे राहून त्याने मोठमोठी तैलचित्रे रंगवली, आणि १८५० च्या दशकात छायाचित्रणही आत्मसात केले. त्याची स्टिरिओ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या लेखनासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

१०/ त्या छायाचित्रांत प्रामुख्याने दर्शनी भाग, व्हरांडे, स्तंभ आणि शिल्पे दिसतात. आतल्या भिंतींवरची रंगचित्रे कॅमेऱ्यात येणे दुरापास्त होते, आणि नुसता वेगवान लेन्सने हा प्रश्न सुटला नसता. त्या काळची कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. तांबड्या-पिवळ्या रंगांना जवळजवळ आंधळी असे. अजिंठ्याची चित्रे तर गेरू आणि पिवळ्या मातीत न्हालेली. ती काळीच उमटली असती. शिवाय पेत्झ्वालची लेन्स लावली असती तर भिंतीच्या कडा विरघळल्या असत्या. प्रकाश, रंग आणि सपाट क्षेत्र या तिन्ही अटी एकाच वेळी पाळणारे साधन तेव्हा अस्तित्वात नव्हते.

११/ स्टिरिओ कॅमेऱ्याला मात्र एक वेगळा लाभ होता. त्याच्या लेन्सची फोकल लेंथ कमी असते. फोकल लेंथ कमी असली की जवळचा स्तंभ आणि दूरचा स्तूप एकाच वेळी स्पष्ट ठेवणे सोपे जाते. लेण्याच्या खोलीची नोंद घ्यायला हे फार उपयोगी. कागदावर अधिक वेगवान असलेली लेन्स प्रत्येक कामी सरस ठरत नाही, याचे हे आपल्या मुलुखातील जुने उदाहरण मानता येईल.

१२/ गिलची बहुतेक तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली आणि ती जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. छायाचित्राच्या अनेक प्रती निघतात, त्या वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. गिल १८७९ मध्ये वारला, त्याचे दफन भुसावळला झाले. त्याच्या तैलचित्रांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. पुस्तकातील छायाचित्रे आजही पाहता येतात.

१३/ हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक. त्यांच्या कारकिर्दीत इटालियन तज्ज्ञ बोलावून अजिंठ्याच्या चित्रांचे संवर्धन झाले आणि छायाचित्रांवर आधारलेले ‘अजंता’ हे भव्य प्रकाशन १९३० ते १९५५ या काळात खंडशः निघाले. रंगांना प्रतिसाद देणाऱ्या प्लेट्स आता उपलब्ध होत्या. ७० वर्षांपूर्वी गिलला जे अशक्य होते ते रसायनशास्त्राने शक्य केले. भिंत हलत नव्हती, म्हणून लेन्सचा वेग येथे निर्णायक नव्हता.

१४/ हलणाऱ्या जगाला मात्र वेग हवाच होता. त्या शोधाची वाट जर्मनीतून जाते. १८९६ मध्ये झाइसच्या पाउल रुडॉल्फ यांनी ‘प्लानार’ ही लेन्स आखली. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी भिंगे, अशी तिची सममित रचना. तिला ‘डबल गाउस’ म्हणतात. सममितीमुळे अनेक दोष आपोआप एकमेकांना छेद देत. चित्र सपाट आणि कडेपर्यंत नीट येई. तरीही कितीतरी वर्षे ती मागे पडली. कारण भिंगांच्या काचेत दडलेले नव्हते. काच जेथे संपते आणि हवा लागते, तेथे ते होते.

१५/ काच आणि हवा जेथे भेटतात तेथे थोडा प्रकाश परावर्तित होतो. लेप नसलेल्या काचेत हे प्रमाण सुमारे ४ ते ५ टक्के. प्लानारमध्ये असे ८ पृष्ठभाग होते. ५ टक्के धरले तर ८ पृष्ठभागांनंतर जवळपास ३४ टक्के प्रकाश वाया जातो. त्यातला काही भाग आतल्या आत फिरून चित्रावर धुरकट पडदा धरतो. काळा रंग राखाडी होतो. लेन्स वेगवान करण्यासाठी भिंगे वाढवावीत, तर धुके वाढते. हा पेच सुटल्याशिवाय काळोखाचे छायाचित्र जमणार नव्हते.

१६/ १९२४ मध्ये ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने एर्मानॉक्स हा छोटा कॅमेरा एफ/२ च्या लेन्ससह आणला. लेन्सचा रचनाकार होता लुडविग बेर्टेले, वयाने पंचविशीच्या आतला. या कॅमेऱ्याने एरिक सालोमोन या छायाचित्रकाराने न्यायालयांत आणि राजनैतिक परिषदांत फ्लॅशविना, नकळत छायाचित्रे घेतली. मंत्री जांभया देताना, हुज्जत घालताना, पेंगताना प्रथमच वाचकांना दिसले. सालोमोन ज्यू होता. १९४४ मध्ये ऑशविट्झ येथे त्याचा अंत झाला. वेगवान लेन्स राजकारणाचे रूप कसे बदलते, हे त्याच्या अल्प कारकिर्दीने दाखवले.

१७/ मग १९३२ साल आले आणि खरी द्वंद्वकथा सुरू झाली. झाइस इकॉनने लायकाशी स्पर्धा करणारा कॉन्टॅक्स हा कॅमेरा काढला. त्यासाठी बेर्टेले यांनी ‘सोनार’ ही ५ सेंटिमीटरची लेन्स दोन रूपांत दिली: एफ/२ आणि एफ/१.५. भिंगे एकमेकांना चिकटवून त्यांनी काच-हवा पृष्ठभाग केवळ ६ वर आणले. लायकाची एफ/२ समार १९३३ मध्ये आली. तिच्यात ८ पृष्ठभाग होते. १९३६ मधील लायकाच्या एफ/१.५ झेनॉनमध्ये तर १०.

१८/ तोच हिशेब येथे लावून पाहावा. ६ पृष्ठभागांतून सुमारे ७४ टक्के प्रकाश पार होतो, १० पृष्ठभागांतून सुमारे ६०. दोन्ही लेन्सवर ‘१.५’ हाच आकडा कोरलेला. प्रत्यक्ष चित्रात मात्र एकीत काळा काळा राही आणि दुसरीत धूसर होई. रात्री दिव्यांसमोर काम करणाऱ्याला सोनार का भावली, ते यावरून कळते. लेन्सच्या कड्यावरील आकडा छिद्राचे माप सांगतो. काचेतून पार होऊन येणाऱ्या उजेडाची हमी तो देत नाही.

१९/ सोनारही निर्दोष नव्हती. छिद्र लहान केले की तिचा फोकस किंचित मागे सरके. जवळच्या वस्तूवर अचूक जुळवणी केलेली असली तरी चित्र चुके. आणि स्वतः सोनारच्या दोन रूपांतही निवड करायची होती. एफ/१.५ मध्ये एफ/२ च्या पावणेदोन पट प्रकाश, पण अधिक काच, अधिक किंमत. आज एफ/१.२ आणि एफ/१.८ यांच्यापुढे उभा राहणारा तरुण आणि १९३० च्या दशकातील बर्लिनचा वार्ताहर यांचा पेच एकच आहे.

२०/ १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवण्याची पद्धत शोधली. परावर्तन एक-दोन टक्क्यांवर आले. १० पृष्ठभागांतूनही आता ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश पार होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे लेप सर्वसामान्य लेन्सवर आले आणि पारडे फिरले. सोनारचा मोठा लाभ संपला. दोष अधिक चांगले आवरणारी ‘डबल गाउस’ घराण्याची रचना पुढे सरसावली. १८९६ ची कल्पना अर्धशतकाने तिच्या काळात पोहोचली.

२१/ सोनारच्या मार्गात आणखी एक अडथळा आला, तो आरशाचा. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो. सोनारचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ जाई. तेथे आरशाला जागाच उरत नसे. ‘डबल गाउस’ लेन्सनाही मागे सरकावे लागले. म्हणून आरंभीच्या एसएलआरच्या वेगवान लेन्स ५० ऐवजी ५८ मिलिमीटरच्या आढळतात. जुन्या बाजारात मिळणारी ५८ मिलिमीटरची बायोटार ही त्या आरशाचीच खूण.

२२/ २००८ पासून आरसा निघू लागला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनीही पूर्ण आकाराच्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर होती. नव्या झेड माउंटमध्ये ती १६ मिलिमीटरवर आली. रचनाकारांना मागच्या बाजूला मोठी भिंगे बसवता आली. एफ/१.२ च्या लेन्स कडेपर्यंत रेखीव झाल्या. पेत्झ्वालने सोसलेली पुसट कड आता जवळजवळ उरली नाही. तेव्हा कडांची किंमत मोजावी लागे; आज ती वजनात आणि पैशांत मोजली जाते.

२३/ आकडे बोलके आहेत. कॅननची आरएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ ही १६० ग्रॅमची, ६ भिंगांची. त्याच घराण्यातील एफ/१.२ ही ९५० ग्रॅमची, १५ भिंगांची. निकॉनच्या झेड मालिकेत एफ/१.८ चे वजन ४१५ ग्रॅम, एफ/१.२ चे १,०९० ग्रॅम. बदल्यात मिळतो सव्वादोन पट प्रकाश. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्सचा एफ-क्रमांक ५० मिलिमीटरपाशी ५.६ च्या आसपास असतो. तिच्यावरून एफ/१.८ वर येताच जवळपास १० पट प्रकाश मिळतो. पहिली उडी मोठी आहे, दुसरी लहान आणि महाग.

२४/ आता धारासूरच्या भिंतीवरील सुरसुंदरीसमोर उभे राहू. पूर्ण आकाराचा सेन्सर, ५० मिलिमीटरची लेन्स, अंतर २ मीटर. एफ/१.२ वर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ सेंटिमीटरचा; एफ/१.८ वर सुमारे १७. एफ/८ वर ७५ च्या आसपास. उठावदार शिल्पात पुढे आलेला गुडघा आणि मागचा अलंकार यांत यापेक्षा अधिक अंतर सहज असते. एफ/१.२ वर चेहरा झळाळेल, हातातील आयुध मात्र विरेल. मूर्ती ओळखायची असते ती नेमकी त्या आयुधावरून.

२५/ तर मग एफ/८ वर जावे. एफ/१.८ च्या तुलनेत तेथे प्रकाश २० पट कमी होतो. पेत्झ्वालने मिळवलेला तोच २० चा आकडा, या वेळी आपण होऊन सोडून दिलेला. आयएसओ ३२०० वर एफ/१.८ ला सेकंदाचा ६० वा भाग पुरत असेल, तर एफ/८ ला सेकंदाचा तिसरा भाग लागेल. आयएसओ १०० वर उतरल्यास साधारण १० सेकंद. मूर्ती शतकानुशतके उभी आहे; आणखी १० सेकंद ती थांबेल. हवा आहे तो ट्रायपॉड. विसाव्या शतकाच्या अखेरीस बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रे टिपली तीही मंद उजेडात, दीर्घ एक्सपोजरने.

२६/ हलणाऱ्या माणसांचे गणित वेगळे. कार्तिकातील पहाटेचा काकडा, संत जनाबाईंच्या गंगाखेडात रंगलेले कीर्तन, समईच्या उजेडातील गोंधळ. येथे ट्रायपॉड कॅमेऱ्याला स्थिर करील, वारकऱ्याच्या हातातील टाळांना करणार नाही. येथे सव्वादोन पट प्रकाशाला खरा अर्थ आहे: सेकंदाच्या ६० व्या भागाऐवजी १३५ वा भाग. ज्याचे मुख्य काम रात्रीच्या माणसांचे आहे, त्याने एफ/१.२ चा विचार अवश्य करावा. सालोमोनची परंपरा ती हीच.

२७/ अॅपर्चरच्या वादात एक प्रश्न नेहमी मागे राहतो: मागे सरकायला जागा किती आहे? २ मीटरवरून ५० मिलिमीटरची लेन्स सुमारे १.४ मीटर रुंदीचा पट दाखवते. ३५ मिलिमीटरची सुमारे २ मीटर. लहान गाभाऱ्यात पाठ भिंतीला टेकते तेव्हा हा फरक निर्णायक असतो. सेन्सर एपीएस-सी असेल तर ५० ची लेन्स ७५ ते ८० मिलिमीटरसारखी वागते आणि अख्खी मूर्ती चौकटीत मावतच नाही. तेथे ३५ किंवा त्याहून कमी फोकल लेंथ घेणे इष्ट.

२८/ म्हणून निवडीचा क्रम असा लावता येतो. आधी जागा पाहावी आणि तिच्यावरून फोकल लेंथ ठरवावी. मग विषय हलतो का ते पाहावे. देवळे, वीरगळ, बारवा आणि शिलालेख यांसाठी एफ/१.८ ची ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांतून चांगला ट्रायपॉड आणि एक छोटा दिवा घ्यावा. झिजलेल्या शिलालेखावर तो दिवा बाजूने, अगदी तिरपा धरला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि वाचन सुकर होते. हे काम कोणतीही एफ/१.२ करू शकत नाही.

२९/ या निवडीत पैशांहून मोठे काही गुंतलेले आहे. वीरगळांवर शेंदराचे थर चढत आहेत. जीर्णोद्धारात कोरीव स्तंभांवर ऑइलपेंट फासला जातो, जोत्यावर फरशी बसते, सुटे शिल्पखंड पाराखाली गाडले जातात. यात बहुधा गावाची श्रद्धाच असते, दुष्टावा नसतो. पण एकदा रंग चढला की त्याखालचे कोरीवकाम अभ्यासकाला केवळ जुन्या छायाचित्रात सापडते. त्या छायाचित्रात चेहरा सुंदर आणि बाकी सारे धूसर असेल, तर पुढच्या पिढीला त्यातून मूर्तीचे नावही ठरवता येणार नाही.

३०/ शेवटी कामाची एक बाब. छायाचित्र घेताना चौकटीच्या कडेला मोजपट्टी ठेवावी. एक चित्र पूर्ण वास्तूचे, एक भिंतीचे, मग तपशिलाचे, असा क्रम राखावा. फाइलच्या नावात गाव, तालुका आणि तारीख लिहावी, आणि प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. १८६६ ची आग विसरू नये. लेन्स कोणतीही असो, पन्नास वर्षांनी पालमचा एखादा विद्यार्थी ते चित्र उघडील तेव्हा त्याला दगड कुठला, केवढा आणि कधीचा, एवढे कळायला हवे.